वजन जास्त भरलं

पोस्टाच्या कायद्यात सगळ्याला रकाना असतो. पार्सल हरवलं, फाटलं, भिजलं, उंदरानं कुरतडलं, भलत्याच्या घरी पडलं, प्रत्येकाला वेगळा कागद. पण सदुसष्ट साली वेल्ह्याच्या पोस्टात जे झालं त्याला रकाना नव्हता, म्हणून ते कुठं लिहिलेलं सापडायचं नाही. ते असं तोंडीच ऐकावं लागतं. भिणाऱ्यानं भिंतीला टेकून बसावं. पण खरं सांगू, ह्या गोष्टीत भीती वाटते ती मागाहून. आधी जीव हळहळतो.

श्रावणाचे दिवस होते. तोरणा असा ढगात बुडाला होता की गड कुठल्या अंगाला आहे ते नवख्याला कळू नये. सकाळच्या एसटीनं डाकेची थैली आली. पोस्टमास्तर आनंदरावांनी थैली फोडली आणि चष्मा कपाळावर ढकलून हाक मारली.

“रखमाजी, हे बघा. घोळवाडीला विम्याचं पार्सल!”

रखमाजी म्हणजे आमचा पोस्टमन. पन्नाशी उलटलेला, पायात टायरच्या वहाणा, डोक्यावर घोंगडीची खोळ. बावीस वर्षं डोंगरातल्या वाड्या पायानं तुडवलेल्या. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाचा पोरगा कुठं नोकरीला, सगळं ह्याला ठाऊक, कारण पत्र पोचवायचं ह्यानं आणि वाचूनही दाखवायचं ह्यानंच.

“कुनाचं हाय, मास्तर?”

“साळूबाईचं. मुंबईहून तिच्या ज्ञानूनं पाठवलंय. जाड कापडात शिवलंय, पाच ठिकाणी लाख लावलीय, वजन एक किलो सातशे. रीतसर काम आहे पोराचं.” आनंदरावांनी पार्सल दाबून पाहिलं. “हाताला तर मऊ लागतंय. चिंध्या असाव्यात. चिंध्यांचा विमा कोण उतरवतं हो?”

साळूबाईचं नाव ऐकलं तेव्हाच रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“नियमानं म्हातारीनं इथं येऊन न्यायला हवं,” आनंदराव म्हणाले. “पण तिचे गुडघे गेलेत म्हणता, तर तुम्हीच नेऊन द्या. एक मात्र लक्षात ठेवा, अंगठा घेणारीचाच. ओढ्यावर कुणाच्याही हाती द्यायचं तुमचं नेहमीचं चालतं ना, ते विम्याला चालायचं नाही.”

“व्हय, मास्तर.”

ओढ्याची ती रीत खरीच होती. घोळवाडीच्या अलीकडं एक ओढा आहे. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की पोस्टमननं अलीकडं थांबून हाळी द्यायची, वाडीतलं कुणीतरी सांभाळून उतरून यायचं आणि ज्याच्या त्याच्या घरी टपाल पोचतं करायचं. वर्षानुवर्षं असं चाललेलं, कधी एक कार्ड गहाळ झालं नाही.

आता रखमाजीच्या तोंडचं पाणी का पळालं ते सांगतो. साळूबाई म्हातारी, जवळ सात वर्षांची नात सगुणी. मुलगा ज्ञानू मुंबईला गोदीत. सून अंजना दोन वर्षांपूर्वी पोरीला आजीपाशी ठेवून नवऱ्याच्या भाकरीसाठी मुंबईला गेली. महिन्याला एक कार्ड यायचं. रखमाजी अंगणात बसून ते वाचायचा आणि सगुणी त्याच्या गुडघ्याला टेकून ऐकायची. ऐकून झालं की कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करायची, जणू आई मागल्या बाजूला लपलीय.

ज्येष्ठात कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं. म्हणजे काय ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचलं की तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळीला जायचं. रखमाजीनं ते वाटेतच वाचलं. अंजना बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं होतं. दोघांचं सगळं मुंबईतच उरकलं, रजा मिळत नाही, असं ज्ञानूनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. आणि खाली एक ओळ: ‘रखमाजीमामा, आईला जपून सांगा.’

रखमाजी अंगणात गेला तर साळूबाई नातीची वेणी घालत होती.

“आलं व्हय माझ्या सुनंचं कार्ड? वाच बाबा, कवाधरनं पोर इचारतीया.”

सगुणी अर्धी वेणी तशीच टाकून त्याच्या गुडघ्याशी येऊन बसली. रखमाजीनं कार्ड धरलं. फाटल्या कोपऱ्यावर आपसूक अंगठा गेला. सांगायला म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून आलं ते असं: “आमी हितं समदी खुशाल हाय. अंजनाची तब्येत झ्याक हाय. सगुणीला म्हनावं, आज्जीला तरास दिऊ नगंस...”

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. आषाढात त्यानं कुणाचं तरी जुनं कार्ड काढून अंजनाचं म्हणून वाचलं. मग आणखी एक. सगुणी हसायची, साळूबाई डोळे मिटून ऐकायची, आणि रखमाजी परत निघाला की ओढ्यापाशी बसून स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा. खरं कार्ड थैलीच्या तळाशी मेणकापडात पडून होतं. फाडवतही नव्हतं, बाळगवतही नव्हतं.

एकदा त्याची बायको रतनबाई थैली चुलीशी वाळत घालताना ते तिच्या हाती लागलं. ती चटका बसल्यागत मागं सरली.

“अवो, असलं कार्ड घरात? आन् तिच्या सासूला अजून ठावं न्हाई?”

“सांगतो. पुढल्या फेरीला सांगतो.”

“जिची मयत पोचवली न्हाई,” रतनबाई म्हणाली, “ती बाई जायाची तरी कुठं?”

त्यानंतर पुढली फेरी म्हणजे ही, विम्याच्या पार्सलाची. आज काय वाटेल ते होवो, पार्सल द्यायचं आणि खरं सांगायचं, असं मनाशी घोकतच रखमाजी निघाला.

दुपारचे तीन वाजले असतील. म्हणजे वेळ काही भुताखेताची नव्हे. पण धुकं असं उतरलं होतं की चार पावलांपुढचं झाड दिसेना. भातखाचरांत पाणी टिपटिप करत होतं, चिखलाचा आणि कुजक्या पाल्याचा वास नाकात बसला होता. उजव्या हाताला ओढ्याचा आवाज वाढत चालला. भरला असणार, रखमाजीला वाटलं. आणि ओढ्याच्या काठाला पाय ठेवला न ठेवला तोच तो आवाज थांबला.

थांबला म्हणजे कानावर कुणी हात ठेवावा तसा. पाणी डोळ्यांपुढं फेसाळत धावत होतं, दगडांवर आपटत होतं, आणि आवाज मात्र नाही. चिखलाचा वासही गेला. वास आला शिकेकाईचा. नुकतं न्हालेल्या बाईमाणसाच्या केसांचा.

हाळी द्यायला त्यानं तोंडाशी हात नेला.

“मामा...”

अलीकडच्याच काठावर, जांभळीच्या बुंध्याशी ती उभी होती. अंजना. हिरवं जुनेर, कपाळाला कुंकू, केस मोकळे. लग्न होऊन ती ह्याच वाटेनं आली तेव्हा डोक्यावर ट्रंक घेऊन रखमाजीच मागं चालला होता. चेहरा विसरण्यातला नव्हता.

देवाचं नाव घ्यावं, मागं फिरावं, रखमाजीला काही म्हणता काही सुचेना. दातखीळ बसायची ती बसली नाही, उलट भलतंच तोंडून निघालं.

“पोरी... म्या न्हाई सांगितलं गं तुझ्या सासूला...”

“ठावं हाय मला.”

आवाज रागाचा नव्हता. दमलेल्या बाईचा होता. तिनं दोन्ही हात पुढं केले.

“माझं हाय ते. द्या हिकडं. म्या नेते.”

“कायदा... अंगठा लागतो, पोरी...”

असं कसं बोललो, हे रखमाजीला पुढं मरेपर्यंत कळलं नाही. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय! त्यानं शाईचा डबा उघडला, पोचपावती धरली. तिनं अंगठा शाईत टेकवला, कागदावर टेकवला. बोट त्याच्या तळहाताला लागलं. गार नव्हतं. ऊन होतं, तापातल्या माणसासारखं.

“सगुणीला इतक्यात काही सांगू नगासा, मामा,” ती पार्सल छातीशी धरून म्हणाली. “अजून उरलंय थोडं...”

“काय उरलंय?”

ती वळली. भरल्या ओढ्यातून, जिथं पैलवान गडी वाहून जावा तिथून, चालत गेली. पदर वाऱ्यानं हलत होता पण पाण्याला लागत नव्हता. पलीकडच्या धुक्यात ती गेली आणि ओढ्याचा आवाज एकदम कानांवर आदळला.

रखमाजी घरी कसा आला ते त्यालाही ठाऊक नाही. तो तापानं फणफणून अंथरुणाला खिळला. पोचपावती त्याच्या थैलीत मिळाली, अंगठा दिसत होता, आनंदरावांनी ती शिक्का मारून मुंबईला ज्ञानूकडं रवाना केली. झालं काम, म्हणून वहीत खूण केली.

पंधरा दिवसांनी भोरच्या कचेरीतून लखोटा आला. ज्ञानूचा अर्ज होता: ‘पावतीवरचा अंगठा माझ्या आईचा नाही. तपास व्हावा.’ आनंदरावांनी वाडीला निरोप धाडला, तर साळूबाईचं उत्तर आलं की मला कुणी काही दिलेलं नाही. विम्याचं पार्सल भलत्याच्या हाती! कचेरीनं आठ दिवसांची मुदत घातली होती. पार्सल सापडलं तर ठीक, नाहीतर पाठवणाऱ्याला विमा भरून द्यायचा आणि रखमाजीला घरी बसवायचं, चोरीचा शेरा मारून.

“रखमाजी, अहो तुम्ही कुणाला दिलंत?” आनंदरावांनी परोपरीनं विचारलं. माणूस कायद्याचा कीडा, पण मनानं वाईट नव्हता. “नाव सांगा. मी स्वतः जाऊन आणतो. बावीस वर्षांची नोकरी आहे तुमची.”

“घरच्याच माणसाला दिलं, मास्तर.”

“कोण घरचं माणूस? त्या घरात म्हातारी आणि पोर, तिसरं आहे कोण?”

चोर म्हणवून घ्यायची रखमाजीला फार लाज वाटत होती, रडूच येत होतं. पण त्याहून मोठी एक टोचणी होती. आईवेगळ्या पोरीला बापानं काहीतरी धाडलं होतं, जपून, लाख लावून. आणि ते आपल्या हातून गेलं. ते तिला मिळायला पाहिजे होतं. नोकरीचं पुढचं पुढं.

मुदतीच्या सहाव्या दिवशी दुपारच्या एसटीतून ज्ञानूच उतरला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सरळ पोस्टात आला आणि टेबलावर पोचपावती ठेवली.

“मामा, ह्यो अंगठा कुनाचा?”

रखमाजी पावतीवर वाकला.

“मधनं आडवी चीर हाय, बघा. लग्नाच्या पयल्या साली इळा लागला हुता तिला. म्याच हळद दाबली हुती.” ज्ञानूनं त्या चिरेवर बोट ठेवलं. “म्या अर्ज केला त्यो विम्यापायी न्हाई वो. दुसरं कसं इचारायचं? कुनाला इचारायचं? मामा, तुमी कुनाच्या हातात दिलं?”

“तिच्या,” रखमाजी म्हणाला.

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कुणाच्या? तुम्ही दोघं काय बोलताय?”

ज्ञानू टेबलाला धरून उभा होता.

“कशी हुती? सुकली हुती का? शेवटाला लई सुकली हुती...”

“न्हाई रं. केस धुतलेलं हुतं. चांगली दिसत हुती.”

ज्ञानूनं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. मग रखमाजीनं हात जोडले आणि दुसरंही ओकून टाकलं. कार्ड वाचलं नाही. आईला अजून ठाऊक नाही. सगुणीलाही नाही. ऐकलं तसा ज्ञानू ताडकन पुढं आला, त्यानं म्हाताऱ्याची गचांडी धरली.

“अडीच महिनं? माझी आय अडीच महिनं तिच्या कार्डाची वाट बघतीया? तुमच्यावर सोपवलं हुतं म्या!”

“मार मला. मार, पोरा.”

ज्ञानूचा हात सुटला. तो बाकावर बसला आणि रडला, मोठ्यानं, गोदीतल्या हमालानं रडावं तसा, लाज न धरता. आनंदराव उठले. त्यांचा ह्यातल्या कशावर विश्वास बसला होता असं नाही. पण तपास दारी जाऊन करायचा असतो एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी हाताचा ताणकाटा पिशवीत टाकला, पोस्टाला कुलूप घातलं आणि तिघं घोळवाडीला निघाले. सकाळपासूनची झड चालूच होती. ओढ्याला दोर बांधून गडी उभे होते, त्यांनी तिघांना पार केलं. आनंदराव आयुष्यात पहिल्यांदा कमरेइतके भिजले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

साळूबाई चुलीपुढं बसली होती. लेकाला दारात बघून ती हसली नाही, उठली नाही. नुसती बघत राहिली. ज्ञानूनं तिच्या पायांवर डोकं घातलं.

“आये... अंजना...”

“ठावं हाय मला,” साळूबाई म्हणाली. “ऊठ. भिजलाईस. आधी डोकं पूस.”

रखमाजी उंबऱ्याबाहेरच थिजला. म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं.

“रखमाजी, बाबा, इतकी वरसं तू कार्ड वाचतोस. दोन बोटांत धरून वाचतोस. त्या दिशी कोपऱ्यावर अंगठा दाबून बसला हुतास, आन् नख पांढरं पडलं हुतं तुजं. मला अक्षार येत न्हाई. पर डोळं तर हायती.”

“मग आक्का... बोलली का न्हाईस? पुढची खोटी कार्डं का ऐकलीस?”

साळूबाईचा चेहरा आता कुठं मोडला. तिनं पदर तोंडात धरला.

“त्यात ती जिती असायची रं,” ती म्हणाली.

चूल धुमसत होती. आनंदराव खाकरले, आणि ओशाळून, अगदी हळू आवाजात त्यांनी पार्सलाचं विचारलं. साळूबाईनं मान हलवली. मला कुणी दिलं नाही, म्हणाली.

“मला दिलंया.”

सगुणी कणगीआडून पुढं आली. बापाला बघून लाजली होती आणि हसतही होती. केस चापूनचोपून विंचरलेले, दोन वेण्या, लाल फीत. ती पुन्हा कणगीमागं गेली आणि दोन्ही हातांनी पार्सल ओढत घेऊन आली.

“आयनं दिलं. म्हनली, इतक्यात उघडू नगंस. अजून उरलंय.”

“कवा दिलं?” ज्ञानूनं विचारलं.

“त्या दिशी. आन् रोज दुपारच्याला येती की. आज्जी निजली म्हंजी. मला म्हनती, तू बी नीज.”

साळूबाई हळूच म्हणाली, “रोज सांगती पोर. मला वाटायचं, सपान पडत असंल. पर वेन्या म्या न्हाई घातल्या. माझी बोटं वळत न्हाईत आता.”

आनंदरावांनी पार्सल उजेडाला दारात नेलं. पाचही ठिकाणची लाख शाबूत होती, शिक्के स्वच्छ, शिवणीचा एक टाका ढिला नव्हता. कुणी उघडलेलं नव्हतं ह्यात शंका नाही. मग त्यांनी ताणकाट्याला ते अडकवलं आणि बघत राहिले. उतरवून पुन्हा अडकवलं.

“एक किलो नऊशे,” ते म्हणाले. “निघालं तेव्हा सातशे होतं. लिहिलंय इथं.”

“ओल आली असंल, मास्तर.”

“हात लावून बघा. खडखडीत कोरडं आहे.” आनंदरावांच्या कपाळाला घाम आला होता. “रखमाजी, वजन कमी भरलं तर चोरी लिहिता येते. जास्त भरलं तर काय लिहायचं हो?”

त्यांनीच चाकूनं शिवण उसवली. आत एक वाकळ होती, घडी घालून ठेवलेली. अंजनाच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, हिरव्या, जांभळ्या, विटलेल्या लाल रंगाची. ज्ञानूनं ती उलगडली आणि तो गुडघ्यांवर बसला.

“सगुणीसाठी शिवत हुती. दिस भरत आलं तरी शिवत बसायची. अर्धी झाली आन्... तिचं म्हनून एवढंच राहिलं हुतं. पोस्टातला कारकून हसला, म्हनला जुनेराचा कसला विमा. म्या म्हनलं, लावा.” तो टाक्यांवरनं बोट फिरवत होता. “म्या धाडली तवा अर्धी हुती. ह्ये बघा, हितनं पुढं मोकळी हुती. नुसतं टाचलं हुतं.”

आता ती मोकळी नव्हती. बारीक, एकसारखे, जवळजवळ टाके पार दुसऱ्या काठापर्यंत गेले होते. शेवटच्या कोपऱ्यात वीतभर जागा राहिली होती आणि तिथं दोऱ्यासकट सुई खोवलेली होती.

“ऱ्हाऊ द्या,” ज्ञानू घाईनं म्हणाला. “एवढं ऱ्हाऊ द्या तसंच. हात नगा लावू. पुरं झालं तर ती यायची न्हाई...”

साळूबाईनं लेकाच्या पाठीवरनं हात फिरवला. मग सुई काढून सगुणीच्या हातात दिली.

“किती दिस राबवायचं तिला, ज्ञानू? जिती हुती तवर राबली. आता तरी हात आखडू दे.” आणि नातीला म्हणाली, “बाये, तुजी वाकळ हाय. एवढी वीतभर तूच शीव. आयला सांग, झालं माझं.”

सगुणीनं जीभ बाहेर काढून एकेक टाका घातला. वाकडे, तिरपे, एक नखाएवढा तर एक बोटभर. रखमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत होता. त्यानं थैलीतलं कोपरा फाडलेलं कार्ड काढलं आणि तिथंच बारीक फाडून वळचणीच्या पाण्यात सोडलं. शेवटी साळूबाईनं गाठ कशी मारायची ते दाखवलं, सगुणीनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

आनंदरावांनी मांडीवर कागद घेऊन तपासाचा निकाल लिहिला: पार्सल घरच्या माणसास पोचले. लाख शाबूत. वजन बरोबर. एवढं एकच खोटं त्यांनी नोकरीत लिहिलं, असं पुढं ते निवृत्त झाल्यावर सांगायचे. ज्ञानूनं खाली सही केली, विम्याबद्दल तक्रार नाही म्हणून. रखमाजीनं डोळे पुसले. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं, चहाचं आधण चढलं, ज्ञानूनं लेकीला मांडीवर घेतलं.

“पांघर बघू तुजी वाकळ,” तो म्हणाला.

सगुणीनं वाकळ झटकली, तशी तिच्या घडीतनं आणखी एक घडी खाली पडली. लहानशी. ज्ञानूनं उचलून उलगडली. दुपटं होतं, तान्ह्या पोराचं, हातभर लांबीचं, पांढऱ्या मऊ धोतराचं. काठाला चार बोटं टाके घातलेले. नुकतंच सुरू केल्यासारखे. दुसरी सुई त्यात टोचलेली होती.

“ह्ये म्या न्हाई धाडलं,” ज्ञानू म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “असलं धोतार आमच्या घरात नव्हतंच... आये, ह्ये म्या न्हाई धाडलं.”

साळूबाईनं दुपटं हातात घेतलं, नाकाशी नेलं. मग तिनं रखमाजीकडं पाहिलं. बाळही गेल्याचं त्या कार्डात होतं, ते फक्त लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक. पोरीला तर बाळ होतं हेही कुणी सांगितलं नव्हतं.

“त्ये माझं न्हाई, आण्णा,” सगुणी बापाला समजावून सांगू लागली. “त्ये बाळाचं हाय. बाळ लई बारकं हाय, त्याला गार लागतं. आय म्हनली, पाऊस उघडला की त्याला घिऊन येती.”

चुलीवरचं आधण उतू गेलं, कुणी उतरवलं नाही. आनंदरावांनी पिशवी छातीशी धरली होती. रखमाजीला जाणवलं की बाहेर वळचणीचं पाणी गळायचं थांबलंय. सकाळपासूनची झड गेली होती, अंगणात पिवळं ऊन पडलं होतं.

साळूबाई उठली. गुडघे धरत धरत दाराशी गेली. ज्ञानूला वाटलं, कडी घालते. तिनं दुसरी फळीही उघडली, उंबऱ्यावरचा चिखल पदरानं पुसला आणि दुपटं चुलीच्या उबेला नेऊन ठेवलं.